लाल पेन्सिलीचा रकाना

मिनेको त्सुकुदा रोज सकाळी नऊ वाजता एक ससा मारीत असे आणि साडेनऊच्या आत त्याचे हृदय पुन्हा चालू करीत असे. नागोयाच्या एका विद्यापीठात, शरीरक्रियाशास्त्राच्या विभागात, तिने हे काम सव्वीस वर्षे केले. एप्रिल १९७६ ते मार्च २००२. आजारपणाच्या रजा एकूण बारा, त्यांतल्या चार आईच्या शेवटच्या आठवड्यातल्या.

काढलेले हृदय काचेच्या नळीला रेशमी दोऱ्याने बांधायचे. वरून कोमट, प्राणवायू मिसळलेले मिठाचे पाणी सोडायचे. दोन-तीन मिनिटे ते नुसते थरथरते, मग एकदम ठेका धरते, जणू काही झालेच नाही. ते स्थिरावले की आतल्या भिंतीचा आगकाडीएवढा स्नायू कापून काचेच्या छोट्या कुंडीत ठेवायचा. कुंडीतूनही तेच कोमट पाणी वाहत असते. स्नायूच्या एका टोकाला प्लॅटिनमच्या दोन तारा टेकवायच्या आणि विजेचे बारीक धक्के द्यायचे. आठ धक्के सारख्या अंतराने, नववा जरा लवकर. नवव्याला स्नायू उत्तर देतो का, ते काचेची सुई लावून पडद्यावरच्या हिरव्या रेघेत बघायचे. मग नववा आणखी अलीकडे ओढायचा, पुन्हा बघायचे, स्नायू गप्प होईपर्यंत. तो आकडा वहीत. दिवसाला असे चाळीस-पन्नास आकडे.

त्या आकड्यांवरून प्राध्यापक कुरिमोतो समीकरणे मांडीत. हृदयाच्या पेशीतून कुठला प्रवाह कधी आत जातो, कधी बाहेर येतो, हे सगळे गणितात बसवून त्यांना संगणकात एक हृदय उभे करायचे होते. पुढे ते उभे राहिले आणि परदेशातही ‘कुरिमोतोंचे हृदय’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

मिनेकोचा हात इतका हलका होता की तोक्योहून लोक बघायला येत. घरी मात्र त्याचे कौतुक नव्हते.

“लोकांच्या मुली पियानो वाजवतात,” आई म्हणायची, “आमची सशाचं काळीज वाजवते.”

लग्नाची बोलणी दोनदा झाली. दुसऱ्या वेळी मुलाच्या मावशीने चहा पिता पिता विचारले, “घरी आल्यावर हाताला वास येतो का हो?”

“मिठाचा येतो,” आई म्हणाली. “भाज्या मुरवायला बरा.”

ती बोलणी तिथेच संपली. मिनेकोने वाईट वाटून घेतले नाही. तिला काम आवडत होते. खरे म्हणजे, आपण अचूक आहोत हे तिला आवडत होते.

फेब्रुवारी १९७८ मध्ये स्नायू आळसावल्यासारखे वागू लागले. नवव्या धक्क्याला फार लवकर गप्प होत. खिडकीबाहेर बर्फ होते. पाणी तापवायची टाकी कपाटाजवळ होती आणि तिथून कुंडीपर्यंत सव्वा मीटर रबरी नळी खिडकीला लागून येत होती. तापमापक टाकीत होता. तो सदतीस दाखवीत होता, सशाच्या अंगात असते त्याच्या जवळपास. मिनेकोने दुसरा, बारीक तापमापक आणून थेट कुंडीत बुडवला. चौतीस पूर्णांक एक.

तिने तीन दिवस मोजून खात्री करून घेतली आणि चौथ्या दिवशी हिरोसेंकडे गेली. हिरोसे तेव्हा विभागात सहायक होते. प्राध्यापकांकडे, म्हणजे सगळ्यांच्या ‘सेन्सेईं’कडे, जायचे ते त्यांच्यामार्फत.

“हिरोसे-सान, कुंडीत चौतीस आहे.”

“आणि टाकीत?”

“सदतीस.”

“मग सदतीसच की. निबंधात सदतीस छापून आलंय.”

“पण स्नायू टाकीत नसतो ना.”

हिरोसे हसले. मग उठून त्यांनी दार लावून घेतले. “हे बघा त्सुकुदा-सान. पुढच्या महिन्यात क्योतोची परिषद. सेन्सेईंनी सगळी समीकरणं सदतीसवर बसवलीत. ही बोलायची वेळ आहे का? तुम्ही असं करा, वहीत लिहा. वही सेन्सेई बघतातच.”

“टाकी कुंडीजवळ आणली तर?”

“म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे जुळायला नकोत! मांडणीला हात लावू नका. लिहा फक्त.”

तिने लिहिले. छापील वहीत तापमानाचा एकच रकाना होता. त्यात तिने टाकीचा आकडा घातला, आणि शेजारी समासात लाल पेन्सिलीने एक उभी रेघ मारून दुसरा रकाना केला. वर लिहिले, ‘कुंडी’. त्यात खरा आकडा.

दर शनिवारी वही प्राध्यापकांच्या टेबलावर जाई. पानाच्या तळाशी मिनेको आपला नावाचा गोल शिक्का उठवी, डावीकडे किंचित कललेला. वरिष्ठांच्या शिक्क्याची जागा डावीकडे असते. आपला शिक्का त्यांच्यापुढे वाकलेला दिसावा, हे तिला बँकेत नोकरी केलेल्या वडिलांनी शिकवले होते. सोमवारी वही परत येई, प्राध्यापकांचा शिक्का सरळ, ठसठशीत.

त्या पहिल्या सोमवारी तिने पान बराच वेळ निरखले. प्राध्यापकांच्या शिक्क्याची कड लाल आकड्यावर आली होती. त्यांना काही खटकले तर ते पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतात, हे तिने दुसऱ्यांच्या वहीत पाहिले होते. इथे प्रश्नचिन्ह नव्हते. म्हणजे त्यांनी वाचले, त्यांना पटले, आणि पुढचे ते बघून घेतील. समीकरणात तापमान बदलणे त्यांना काय अवघड! विषय तिच्यापुरता मिटला.

त्यानंतर चोवीस वर्षे तिने लाल रकाना भरला. हिवाळ्यात चौतीसच्या आसपास, उन्हाळ्यात साडेपस्तीस. एकदाही प्रश्नचिन्ह आले नाही. याचा तिला अभिमान होता.

१९८५ च्या वर्षअखेरच्या मेजवानीत, सगळ्यांच्या पेल्यांत दोन-दोनदा ओतून झाल्यावर, कुरिमोतो उभे राहून म्हणाले, “माझं हृदय त्सुकुदा-सानच्या वहीत धडधडतं.” सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मिनेको लाल झाली. घरी येऊन तिने आईला सांगितले.

आई पाय उबेला धरून संत्रे सोलत होती. “मग त्यांच्या निबंधावर तुझं नाव आहे का?”

“आमचं नाव नसतं, आई.”

“सशाचं असतं?”

“नाही.”

“मग बरोबर आहे. तुमचं दोघांचं एकच.”

दर ऑक्टोबरमध्ये प्राणिघराच्या मागे, दगडी शिळेसमोर, वर्षभरात मेलेल्या प्राण्यांसाठी शांतीचा विधी होई. खुर्च्या मांडलेल्या असत. प्रत्येकाच्या हातात एक पांढरे शेवंतीचे फूल. एक प्राध्यापक कागदावरून वाची, “तुमच्यातला एकही जीव वाया गेला नाही.” मग एकेकाने पुढे जाऊन फूल वाहायचे आणि वाकायचे. बरेच जण तेवढ्यात घड्याळ बघून घेत. मिनेकोला मात्र तिचे ससे संख्येने माहीत होते. शेवटी ती संख्या पाच हजार आठशे चौऱ्याहत्तर झाली. त्या वाक्यावर तिचा विश्वास होता. तो नसता तर दुसऱ्या दिवशी नऊ वाजता पिंजऱ्यात हात घालणे तिला जमले नसते.

२००१ च्या नोव्हेंबरात सायो उबुकाता तिच्या शेजारी डबा खायला बसली. उबुकाता पस्तीस वर्षांची, तीन वर्षे परदेशात काढून आलेली व्याख्याती होती. विभागात मिनेकोशी संशोधनाचे बोलणारी ती एकटीच.

“त्सुकुदा-सान, कुरिमोतोंचं हृदय फार सोशिक आहे हो,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“खऱ्या स्नायूला नेमका अवेळी धक्का दिला की लहर अडकते आणि गोल गोल फिरायला लागते. माणूस दगावतो तो त्यानंच. आपल्या संगणकातली लहर एक गिरकी घेते आणि विझून जाते. कितीही छळा, सगळं सहन करतं. दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेतला स्नायू आपल्यापेक्षा चपळ आहे. असं का?” तिने मुळ्याची फोड तोंडात टाकली. “तुम्ही तापमान कुठं मोजता?”

“दोन्हीकडे.”

“दोन्हीकडे म्हणजे?”

मिनेकोने उठून चालू वर्षाची वही आणली. उबुकाताने लाल रकान्यावरून बोट खाली नेले, पान उलटले, पुन्हा बोट खाली नेले. डबा तसाच राहिला.

“हे कधीपासून?”

“अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीपासून.”

“सेन्सेईंना माहीत आहे?”

“शिक्का आहे ना.”

“मी शिक्क्याचं विचारत नाही, त्सुकुदा-सान.”

“त्यांनी समीकरणात घेतलंच असेल ते.”

उबुकाता हलक्या आवाजात म्हणाली, “मी समीकरणं ओळ न् ओळ वाचलीयत. सगळीकडे सदतीस आहे.”

थंड स्नायू संथ असतो. त्या संथ स्नायूचे आकडे सदतीसचे समजून मांडले, म्हणून संगणकातले हृदय सोशिक निघाले होते. हे मिनेकोला उबुकाताने समजावून सांगावे लागले नाही. त्या दुपारी, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, दोऱ्याची गाठ तिच्या हातून सैल बसली आणि हृदय नळीवरून निसटून बशीत पडले.

प्राध्यापकांची निवृत्ती मार्चमध्ये होती. अखेरचे व्याख्यान, सत्कार, परदेशी पाहुणे. बंद दारांआड बोलणी झाली. जानेवारीच्या शेवटी हिरोसेंनी तिला बोलावले. आता ते सहयोगी प्राध्यापक होते आणि केस पांढरे झाले होते. टेबलावर एक टंकलेला कागद होता. ‘तापमापक चुकीच्या जागी ठेवण्याची चूक माझ्याकडून झाली व ती वेळेवर वरिष्ठांच्या लक्षात आणून देण्यात मी कमी पडले. याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.’ खाली शिक्क्यासाठी चौकट.

“नियतकालिकात तीन ओळींची दुरुस्ती जाईल, बस,” हिरोसे म्हणाले. “तांत्रिक कर्मचाऱ्याकडून झालेली चूक, एवढंच. तुमचं नाव नाही त्यात. तुम्हीही मार्चमध्ये निघणारच आहात. कुणाचं काय बिघडतं?”

“मी तुम्हाला सांगितलं होतं, हिरोसे-सान. हे दार तुम्हीच लावून घेतलं होतंत.”

“असेल. पंचवीस वर्षांमागचं कुणाला आठवतं?”

“मला आठवतं. बुधवार होता.”

हिरोसेंनी चष्मा पुसला.

“मी आधी सेन्सेईंना भेटते,” मिनेको म्हणाली.

कुरिमोतोंच्या खोलीत पुस्तके खोक्यांत भरलेली होती. बसायला जागा नव्हती म्हणून ती उभीच राहिली. १९७८ ची वही तिने त्यांच्यापुढे उघडून ठेवली.

“सेन्सेई, हा शिक्का तुमचा ना?”

“माझाच.”

“त्याच्याखाली लाल आकडा आहे.”

त्यांनी चष्मा लावला, आकडा वाचला, चष्मा काढला. “इतकं महत्त्वाचं होतं तर तोंडानं सांगायचंत, त्सुकुदा-सान.”

“रोज लिहीत होते. चोवीस वर्षं.”

“शनिवारी माझ्यासमोर चौदा वह्या असायच्या.”

“बाकीच्यांच्या वहीत तुम्ही प्रश्नचिन्हं काढायचात.”

“हो, कारण त्या वाचाव्या लागायच्या.” ते मायेने हसले, आणि ती माया खरी होती, हेच तिला नंतर कधी विसरता आले नाही. “तुमची वही वाचायची कधी गरजच वाटली नाही. इतकी नेटकी असायची.”

वडीलधाऱ्याने पाठीवर हात ठेवावा तसे ते वाक्य त्यांनी तिच्यापुढे ठेवले होते. तिने वही मिटली.

“कुणीतरी उइरो मिठाईचा डबा आणून दिलाय,” ते खोक्यांमागे शोधत म्हणाले. “मला गोड चालत नाही. घेऊन जा. तुमच्या आईंना आवडायचा ना?”

आईला जाऊन सात वर्षे झाली होती. अंत्यविधीला ते स्वतः आले होते. मिनेकोने वाकून डबा घेतला आणि जिन्याजवळच्या कचरापेटीत टाकला. मग अन्न टाकले म्हणून वाईट वाटून तो परत काढला आणि दरवानाला दिला.

ती शिक्का देणार नव्हती. तसे तिने उबुकाताला सांगितलेही. दोघी प्राणिघरामागे उभ्या होत्या, शिळेपासून थोड्या अंतरावर.

“नका देऊ,” उबुकाता म्हणाली. “तुमचा हक्क आहे. पण हिरोसे-सान काय म्हणतात ते ऐका. चूक कुणाची हे ठरलं नाही, तर सगळ्या वह्याच संशयास्पद म्हणून बाद करायच्या. मार्चमध्ये खोली रिकामी होतेय. बाद कागद कातरण यंत्रात जातात.”

“लाल रकानासुद्धा?”

“लाल रकाना वहीतच आहे ना. आणि शिक्का दिलात तर वह्या राहतात. चूक टाकीच्या आकड्याची ठरते, कुंडीचा आकडा खरा ठरतो. मला तो पुरे आहे, त्सुकुदा-सान. खरं तापमान घालून मी सगळं पुन्हा मांडीन. कुणाहीकडे नाहीत एवढे आकडे.” तिने मिनेकोचा हात धरला. “आणि निबंधात मी खरं लिहीन. तुमच्या नावानिशी.”

“लिहाल?”

“लिहीन.”

मिनेकोने शिळेकडे बघितले. एकीकडे तिचा अचूकपणाचा लौकिक होता, ज्यावर ती आजवर जगली. दुसरीकडे पाच हजार आठशे चौऱ्याहत्तर ससे. असे मोजायला बसल्यावर तिला निवड राहिलीच नाही.

दुसऱ्या दिवशी हिरोसेंच्या टेबलावर तिने शिक्का शाईत दाबला आणि चौकटीत उठवला. उचलून बघते तो डावीकडे कललेला. तिने ठरवून केले नव्हते. हाताला सवय होती. पुढे कित्येक महिने तिला त्या कागदावरच्या वाक्यांपेक्षा त्या कलण्याची चीड येत राहिली.

अखेरच्या व्याख्यानाला ती गेली नाही. सर्दी झाल्याचे कळवले. ती बारावी रजा.

उबुकाताचा निबंध २००३ च्या जूनमध्ये टपालाने आला. सोबत सुंदर अक्षरातले पत्र होते. पावसाळी हवेत प्रकृतीला जपा, वगैरे. मिनेकोने आधी चित्रे बघितली. नव्या हृदयात लहर अडकत होती आणि गोल फिरत होती, खऱ्यासारखी, दुष्टपणे. कुठल्या क्षणी धक्का दिला तर ती फिरू लागते आणि कुठल्या क्षणी दिला तर थांबते, याचा तक्ताच होता. प्रत्येक बिंदू तिचा होता. काही तर तिने दिवसासकट ओळखले असते.

मग तिने शेवटचे आभाराचे पान काढले. ‘सुरुवातीपासून दोन्ही तापमानांची नोंद ठेवण्याची दूरदृष्टी दाखविणारे आदरणीय प्राध्यापक कुरिमोतो यांचे आम्ही ऋणी आहोत.’ त्याखाली अनुदान देणाऱ्यांची यादी. आणखी काही नाही. तिने दुसरीकडेही शोधले, चित्रांखालच्या बारीक अक्षरांत, तळटिपांत. एका तळटिपेत जुन्या दुरुस्तीचा उल्लेख सापडला, तांत्रिक कर्मचाऱ्याकडून झालेली चूक.

म्हणजे चूक तिची आणि रकाना त्यांचा.

तिने फोन लावला.

“मिळाला का?” उबुकाताचा आवाज आनंदी होता. “चित्रं बघितलीत?”

“आभारही बघितले.”

“सेन्सेई निवड समितीवर आहेत, त्सुकुदा-सान. जागा एकच आहे. आणि हिरोसे-सान म्हणाले, दुरुस्तीत एक आणि निबंधात दुसरं, असं छापता येत नाही. मी दोन मसुदे केले होते, खरंच. एकात तुमचं नाव होतं.”

“तो मसुदा कुठं आहे?”

“आता... नसेल.” मग घाईने, “पण आकडे तर वाचले ना? तुम्हाला तेच हवं होतं.”

“हो,” मिनेको म्हणाली. “मला तेच हवं होतं.”

ऑक्टोबरमध्ये माजी कर्मचारी म्हणून प्राणिघराच्या विधीचे निमंत्रण आले. ती गेली. तिला पहिल्या रांगेत बसवले. हातात पांढरी शेवंती दिली. कागद वाचायला या वर्षी उबुकाता उभी राहिली. ती आता सहयोगी प्राध्यापक होती, आणि काळा पोशाख तिला शोभत होता.

“तुमच्यातला एकही जीव वाया गेला नाही,” तिने वाचले. आवाज जरा अडखळला. नजर पहिल्या रांगेकडे आली आणि कागदावर परत गेली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य खरे होते. मिनेकोला ते कुणाहूनही जास्त माहीत होते, कारण ते खरे करण्यासाठी जे द्यावे लागले ते तिनेच दिले होते. तिने इतकी वर्षे खोट्या वाक्यापुढे मनोभावे मान लववली, आणि आज खऱ्यापुढे तिला उठवेना. रांग पुढे सरकली. शेजारच्या माणसाने तिला वाट करून दिली, तिने मान हलवली. सगळ्यांची फुले वाहून झाली. उबुकाता वाकली, ती बराच वेळ तशीच होती. खुर्च्या उचलणारे लोक आले तेव्हा मिनेको उठली आणि फाटकाकडे चालू लागली.

बसमध्ये शेजारच्या बाईने तिच्या हातातले फूल बघून विचारले, “दर्शनाला निघालात का, आजी?”

“जाऊन आले.”

“मग हे?”

“उरलं,” मिनेको म्हणाली.